पाच वाजता, पाच कंदीलला

“हॅलो? …हो, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार, डिंपल? …अगं, उचलला ना आता. …तीनदा केलास? बरं, तीनदा. …नाही, झोपलो नव्हतो. भर अकरा वाजता कोण झोपतं?”

जितेंद्र खरोखरच झोपला नव्हता. तो अमळनेरच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात, कडुलिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसला होता. मांडीवर एक गाठोडं होतं. समोरच्या बंद दाराआड, पांढऱ्या चादरीखाली, डिंपलचे वडील होते. दोन वर्षांपूर्वी धुळ्यातून हरवलेले रुपचंद नाना आज सकाळी सापडले होते, आणि सापडले तेव्हा ते जिवंत नव्हते.

धुळ्यात हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. जितेंद्रने ठरवलं होतं की धुळ्याला जायचं, डिंपलसमोर बसायचं आणि सांगायचं. कसं सांगायचं ते ठरवण्यासाठी तो बाकावर येऊन बसला, आणि फोन वाजायला लागला. चौथ्यांदाही उचलला नसता, तर न उचलण्यातूनच सगळं कळलं असतं.

“मी? …मी शेतात. रावेरला. केळीची कटाई चालू आहे ना. …कसला आवाज? …हॉर्न. गाडी आलीय भरायला. …केळीच्या ट्रकला हॉर्नच असणार, बासरी कोण बसवतं? …हो, निघतोय. निघतोच आहे. …हो गं, पाच वाजता, पाच कंदीलला. …स्वतःच्या साखरपुड्याचं शूटिंग कोण विसरेल?

“…अल्तमश काय म्हणतो? …कॅमेरा शिडीवरून? शिडी कशावर ठेवणार? …पेरूच्या हातगाडीवर. …डिंपल, हातगाडीला चाकं असतात. …चाकांखाली विटा. बरं. …आणि पेरूवाला तयार आहे? …फोटोत पेरू आले पाहिजेत, अशी अट. येऊ दे ना. पेरू पुढे, आपण मागे. …हो, चांगले पेरू पुढे.

“…ट्रॅफिकचा हवालदार आला होता? …किती वेळ रस्ता अडवणार म्हणून विचारतो. …मग तू काय सांगितलंस? …‘जितका वेळ अडेल तितका.’ …आणि तो काय म्हणाला? …त्याचा पण फोटो काढायचा. …ठीक आहे. पेरू, हवालदार, मग आपण.”

धुळ्याची बाकीची जोडपी शूटिंगला लळिंगच्या किल्ल्यावर जातात. तिथे वारा असतो, ओढणी उडते, आणि मागे कुणी कांद्याचा भाव विचारत नसतं. डिंपलला मात्र पाच कंदीलचा चौक हवा होता, तोही बाजाराच्या ऐन गर्दीत. कारण सांगायला सोपं होतं आणि ऐकायला अवघड.

रुपचंद नानांनी सगळा जन्म पाच कंदीलला हातगाडीवर टॉवेल-टोपी विकली होती. लग्नात पाहुण्यांचा मान राखायला देतात ती टॉवेल-टोपी. धंद्यामुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा, नानांना एक खोड लागली होती. आपल्या टोप्या फोटोत कशा दिसतात ते बघायला ते गिऱ्हाइकांच्या लग्नांना जात. आमंत्रण असो नसो. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला की नाना डाव्या कोपऱ्यात येऊन उभे. धुळ्यातल्या एका अख्ख्या पिढीच्या अल्बममध्ये डाव्या कोपऱ्यात नाना आहेत, आणि त्यातल्या निम्म्या घरांना ते कोण हे आजही माहीत नाही.

मग नाना विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग टोप्यांची मापं, शेवटी घरची वाट. एका दुपारी ‘चहा घेऊन येतो’ म्हणून हातगाडी सोडून गेले ते गेलेच.

डिंपलचा हिशेब असा होता : नाना सगळं विसरतील, कॅमेरा विसरणार नाहीत. पाच कंदीलला पुरेशी गर्दी जमवून तिच्या मधोमध कॅमेरा उभा केला, तर नाना असतील तिथून येतील आणि डाव्या कोपऱ्यात उभे राहतील. हा हिशेब वेडेपणाचा होता. पण दोन वर्षांत कुणाकडेच याहून बरा हिशेब निघाला नव्हता.

“काय? …हो, गर्दी जमेल. काळजी करू नकोस. धुळ्यात साधा खड्डा खणायला घेतला तरी चाळीस माणसं बघत उभी राहतात, इथे तर आपण आहोत. …धूर? …कसला धूर? …गुलाबी. आणि निळा. …बरं, सोडू दे. …नाही, माझं काही म्हणणं नाही. …अग्निशामकवाले आले तर? …‘येऊ दे, गर्दीच वाढेल.’ …हो. तेही खरंच आहे.

“…टोपी? …घालीन. …अगं, घालीन म्हटलं. …पांढरी, कडक इस्त्रीची. हो. …नाना ज्या विकायचे तसलीच. हो.”

गेले पंधरा दिवस जितेंद्र या टोपीवरून भांडत होता. टोपी घातली की आपण ग्रामपंचायतीला पडलेल्या उमेदवारासारखे दिसतो, असं त्याचं म्हणणं होतं. डिंपलचं म्हणणं होतं की नाना तुला ओळखत नाहीत, टोपीला तरी ओळखतील. नाना आणि जितेंद्र एकमेकांना कधी भेटले नव्हते. जितेंद्रचं स्थळ आलं तेव्हा नाना हरवून वर्ष झालं होतं. पोहे त्याने भिंतीवरच्या नानांच्या फोटोसमोर बसून खाल्ले होते. फोटोला हार नव्हता. हार घालायचा नाही, असं डिंपलच्या आईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

“आई काय करतेय? …तयार होऊन बसली? आत्तापासून? …कोणतं लुगडं? …बरं. …आणि कुंकू… नाही, काही नाही. …लावलंय ना? लावू दे. …मी कुठे काय म्हटलं? लावू दे, एवढंच म्हटलं. …काकू परत बोलल्या? …त्यांना काय कळतं. आज… आज लावू दे गं.”

हरवलेल्या माणसाच्या बायकोने किती दिवस कुंकू लावायचं, याचा नियम कुणालाच माहीत नव्हता. त्यामुळे ज्याला जो वाटेल तो नियम येऊन सांगायचा. डिंपलची आई, वच्छलाबाई, सगळ्यांचं ऐकून घेत आणि सकाळी उठून पहिलं कुंकू लावत.

“काय? …कुणाचा फोन? …हां, मेसेजवरून. …आले ना. सकाळपासून दोन आले. …एक शिरपूरचा. तो म्हणे, नाना दिसले नाहीत, पण मुलगी ठरलीच आहे का, आमच्याकडे मुलगा आहे. …हो, सांगितलं ठरलीय. म्हटलं मीच तो. तर म्हणतो, बघा, विचार करा. …दुसरा साक्रीहून. त्याला अल्तमशचा नंबर हवा होता, त्याच्या बैलांचं शूटिंग करायचंय. …तिसरा…

“…तिसरा नाही. दोनच.”

तो मेसेज फोटोवाल्या अल्तमशने बनवला होता. नानांचा फोटो, त्यावर ठळक अक्षरांत ‘नाना, शूटिंग आहे, या’, खाली वार, वेळ, पाच कंदील आणि जितेंद्रचा नंबर. दोन दिवसांत तो मेसेज खानदेशातल्या यच्चयावत ग्रुपवरून फिरला. तिसरा फोन उजाडता उजाडता आला होता. अमळनेरच्या बस स्थानकाजवळ हनीफभाई नावाच्या गृहस्थांची चहाची टपरी आहे. पहाटेची नमाज पढून त्यांनी दुकान उघडलं, फोन बघितला आणि खाली बसले.

“काही नाही, ऐकतोय. …बोल ना. …हो. …हो, तेही चालेल. …ढोलवाला? बोलाव. …दोन बोलाव. …उंटावर? कोण बसणार उंटावर? …मी. …बसतो. …हो, बसेन की. टोपी घालून बसेन.

“…काय झालं? …मी भांडत नाहीये म्हणजे? …भांडायलाच पाहिजे का? …अगं, पटतंय म्हणून हो म्हणतोय. …उंटाची गंमत केलीस? मला काय माहीत. …टोपी पटली, धूर पटला, उंटही पटला. माणसाला एखाद दिवशी सगळं पटू शकत नाही का? …ताप नाही. …नाही गं, घरी कुणी काही बोललं नाही. …कुठलं दुसरं स्थळ? …डिंपल. …डिंपल, काय बोलतेस? मला लग्न मोडायचं नाहीये! …शपथ. …अगं, रडू नकोस ना… हो, हो… अगं, ऐक ना… मी भांडतो, थांब. उंटावर बसणार नाही. झालं? …आवाज असा येतोय, कारण… अगं, नाही मोडत आहे मी… डिंपल, नाना सापडले.”

हे वाक्य त्याने असं ठरवलं नव्हतं. ठरवलेल्या वाक्याला पुढचा अर्धा भाग होता. तो भाग तोंडातच राहिला आणि पहिला धुळ्याला पोहोचला.

“हो. …हो, सापडले. …अमळनेरला. …डिंपल, ऐक. …पुढचं ऐक ना. …आईला हाक नको मारूस. …अगं, आईला नको… डिंपल! …हॅलो? …हॅलो? फोन घे. …फोन घे गं.”

फोन तिने बहुतेक कॉटवर टाकला होता. कानाला नुसता गलका लागत होता. भांडं पडलं, दार आपटलं, पैंजण धावत ओट्यावर गेले. अख्खी गल्ली आत आल्यासारखं वाटलं.

“हॅलो? …डिंपल, नाना गेले. काल दुपारी गेले. मी दवाखान्यात आहे.”

हे त्याने अगदी सरळ, न अडखळता म्हटलं. तिकडे फोनजवळ कुणी नव्हतं, म्हणूनच जमलं.

“…हॅलो? …कोण? …मावशी? …नमस्कार मावशी. …हो. …हो, सापडले. …अमळनेरला होते. …जेवले का? …मावशी, डिंपल आहे का तिथे? तिला द्या ना फोन. …जेवणाचं… चहा घेतला त्यांनी. काल. …हो, नेहमीसारखा. …साखर? साखर जास्तच घेतात म्हणे. …अंगावर? अंगावर… पांढरं आहे. स्वच्छ आहे. …नाही मावशी, वाळले नाहीत. …आत आहेत, म्हणून देता येत नाही फोन. …मावशी, डिंपलला द्या. …लुगडं चांगलंच आहे, बदलू नका. …हो. …द्या ना तिला.”

जितेंद्रने वच्छलाबाईंना एकही खोटं सांगितलं नव्हतं. एवढं खरं बोलून असं खोटं पडल्यासारखं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्याने गाठोडं मांडीवर घट्ट धरलं, उंटावर बसल्यासारखं.

“डिंपल? …हसतेस. …हो, ऐकतोय. …तू एक कर, बाहेर ये. ओट्यावर नको, माणसं आहेत. मागे ये, मोरीकडे. …आधी ये, मग सांगतो. …आई? …सगळ्यांना साखर वाटतेय? …वाटू दे. तू ये. …दार ओढून घे.

“…आलीस? …मी शेतात नाहीये. सकाळपासून अमळनेरला आहे. …दवाखान्यात. …नाही. …नाही, भरती नाहीत. …डिंपल, मी सापडले म्हटलं, ते सापडले. पण… नाही गं. …नाहीत. …काल दुपारी. …चहा घेतला, टपरीमागच्या बाकावर आडवे झाले, आणि उठले नाहीत. …नाही, काही त्रास नाही झाला. हनीफभाई म्हणतात, झोपलेत असंच वाटलं. त्यांनी संध्याकाळच्या चहाला हाक मारली.

“…हॅलो? …आहेस ना?

“…मी आहे. …फोन चालूच आहे. …बस. तिथेच बस, मोरीच्या कट्ट्यावर. …हो.

“…हां. …ते खरं आहे. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. …हो, फोटोच फक्त. …फोटो बारा वर्षांपूर्वीचा आहे, कबूल. …हो, म्हातारी माणसं सारखीच दिसतात. …मलाही तेच वाटत होतं. मी चादर बाजूला केली ना डिंपल, तर मनात म्हटलं, नसू देत. कुणीतरी दुसरेच असू देत. …मग पाया पडलो. …काय करू, सासऱ्यांना पहिल्यांदाच भेटत होतो. …कान? …हो. डावा कान मुडपलेला आहे. …हजार माणसांचे असतात, बरं.

“…हनीफभाई सांगतात ना. …दोन वर्षं. …हो, तेव्हापासूनच. …एसटीतून उतरले, टपरीवर चहा मागितला. चहा घेऊन येतो म्हणाले होते ना, तो तिथे प्यायले. …मग राहिलेच. आबा म्हणायचे सगळे. …घर कुठे विचारलं की म्हणायचे, जवळच शे. दोन वर्षं हेच. …हो. जवळच होतं.

“…आपण सुरतला तीनदा गेलो, डिंपल. नाशिकला गेलो. अल्तमश इंदूरला जाऊन आला. …अमळनेरला नाही गेलो. कोण म्हणणार, की माणूस हरवून अमळनेरला गेला असेल? …तुझी चूक नाही. …पोलिसांनाही नाही सुचलं. …नको, नको असं बोलूस. …तुझ्या मेसेजवरूनच कळलं, डिंपल. हनीफभाईंनी आज पहाटे बघितला आणि मला फोन केला. …तू म्हणत होतीस ना, शूटिंग म्हटलं की नाना सापडतील. तसंच झालं. …एक दिवस. हो. एकच दिवस उशीर झाला.”

दवाखान्याच्या दाराशी हनीफभाई उभे होते. हातात दोन चहा होते. फोन चालू दिसल्यावर त्यांनी एक चहा बाकाच्या कडेला ठेवला, त्यावर कागद झाकला आणि परत गेले.

“…तुझा विश्वास नाही. …बरं. …नसू दे. तुला बघून ठरवायचंय, हो ना? …बघशीलच. …पण एक ऐक. …ते इथल्या लग्नांना जायचे. …हो. …नाही, कुणाच्याही. मांडव दिसला की जायचे आणि फोटोत उभे राहायचे. …कोपऱ्यात. …कोणत्या म्हणजे? …डाव्या. …हनीफभाईंच्या पुतणीच्या निकाहच्या फोटोतही आहेत, मी बघितला आत्ता. नवरदेवापेक्षा जास्त हसताहेत. …हाकलणार कोण? मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे आहेत, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे. टोपी एवढी कडक, आणि उभे असे राहायचे, की मान दिला नाही तर हा माणूस भर पंगतीतून उठून जाईल. मग दोन्हीकडचे घाईघाईने टॉवेल-टोपी द्यायचे. …हो, दोन्हीकडचे. …एकाच लग्नात दोनदा.

“…गाठोडं आहे त्यांचं. माझ्याकडेच आहे, मांडीवर. …टॉवेल. टोप्या. दोन वर्षांचे. …वापरले नाहीत, घडी पण मोडली नाही. हनीफभाई विचारायचे, आबा, याचं करायचं काय? …तर म्हणायचे… थांब, सांगतो. …म्हणायचे, मनी डिंपीनं लगीन शे. टॉवेल लागतीन.

“…हो. …डिंपीच म्हणायचे.

“…हॅलो?

“…माहीत आहे, डिंपी नावाच्या खूप मुली असतात. …हो, अमळनेरलाही असतील. …हो गं. …डिंपल, सगळेच टॉवेल नाही ठेवले त्यांनी. …अर्धेअधिक हनीफभाईंना देऊन टाकले, टेबल पुसायला. टपरीवर नवे कोरे टॉवेल आहेत फडक्याला. मी विचारलं, हे का नाही ठेवले? …तर म्हणे, आबा एकेक टॉवेल उन्हात धरायचे. आणि म्हणायचे…

“…हो. …तेच. …तेच म्हणायचे. ‘यामाईन सूर्य दिखस.’”

पाच कंदीलला नानांच्या हातगाडीवर पातळ टॉवेल कधी मिळाला नाही. गिऱ्हाईक स्वस्तातला मागायला लागलं, की नाना शेजारच्या गाडीवरचा एक टॉवेल उचलून उन्हात धरत आणि त्याला त्यातून सूर्य दाखवत. पाहुण्याला तू सूर्य देणार का टॉवेल, असं विचारत. शेजारच्या गाडीवाल्याने यावरून दोनदा भांडण काढलं होतं. आणि डिंपल लहान असल्यापासून एक गोष्ट ठरलेली होती. तिच्या लग्नात ज्याला टॉवेल जाईल, त्याला त्यातून सूर्य दिसणार नाही.

“…काय? …आत्ता? …हो. …थांब, फोन खांद्याशी धरतो. …गाठ सोडतोय. घट्ट मारलीय. …हां, सुटली. …वरचा घेऊ? …मधला. बरं, मधला घेतो. …लाल काठाचा आहे. …उघडलाय. …उठलो. उन्हात आलो. …धरलाय. डोक्यावर धरलाय, दोन्ही हातांनी. …बघतोय.

“…नाही.

“…नाही दिसत. …खरंच सांगतो. …सगळीकडून बघितलं. …नाही दिसत सूर्य.”

आवारातून एक बाई डबा घेऊन चालली होती. भर उन्हात एक तरुण माणूस डोक्यावर टॉवेल ताणून वर बघतोय आणि मान खांद्याला लावून फोनवर बोलतोय, हे बघून ती थांबली. मग तिने त्याचा चेहरा बघितला आणि चालू लागली.

“…आहे. …मी आहे, डिंपल. …रड. …मी काही बोलत नाही. …रड.

“…

“…हो. …नाही, ओळख पटल्याची सही अजून नाही केली, तुझीच वाट बघत होतो. …तीनपर्यंत सोडतील म्हणतात. …गाडीची सोय हनीफभाईंनी केलीय. तेही येताहेत बरोबर. …आईला? …तू नको सांगूस एकटी. मी येतो, मग दोघं मिळून… आत्ताच? …साखर वाटतेय म्हणून? …बरं. …बरं, तू सांग. तुला कळतं. …हळू सांग. काकूंना आधी बाहेर काढ.

“…अल्तमशला काय सांगू? नको येऊ म्हणून… काय? …येऊ दे?

“…हो. …कळलं. …अगं, कळलं मला. …तू येणार? आई पण? …बरं. …नानांना घरी नेण्याआधी तिथूनच आणतो. …हवालदार तसाही रस्ता अडवणार होता. …ढोल नको. धूर नको, हो. …पेरूवाल्याला तू सांग, मला नाही सांगता यायचं. …एकच फोटो. हो. …गर्दी असेल, डिंपल. सगळ्या धुळ्याने मेसेज बघितलाय. …हो, असू दे. त्यांना गर्दी चालायची.

“…टोपी? …आहेत ना गाठोड्यात. …घालतो. …आत्ता घातली. …बसली. जरा सैल आहे, पण बसली. …दिसतोय. …हो, पडलेला उमेदवारच. …तू हसलीस. …रडतेयस. बरं. दोन्ही.

“…पाच वाजता. …हो, पाच कंदीलला. …अल्तमशला सांग, शिडीवरून तुला, मला, आईला घे, जसं बसेल तसं. …गाडी मी नीट लावून घेतो. …हो. …डावीकडे. …हो डिंपल, डाव्या कोपऱ्यात.

“…ठेव आता. …नाही, तू ठेव. …बरं. आज मी ठेवतो.”